एका बेटाची चार बेटं

दक्षिण कॅलिफोर्नियात व्हेंच्युराच्या धक्क्यावरून निवळ हवेत समोर पाहिलं की क्षितिजावर एक निळसर डोंगररांग दिसते. ती सलग वाटते. बोट आत जाऊ लागली की ती हळूहळू सुटी होते. आधी एक अरुंद, दातेरी खडक वेगळा होतो, मग त्यामागचा उंच डोंगर, त्याच्याही मागे एक लांब पसरट पाठ आणि सगळ्यात शेवटी, दिसलीच तर, धुक्यात बुडालेली एक रेघ. ॲनाकापा, सांता क्रूझ, सांता रोझा आणि सॅन मिगेल. पूर्व-पश्चिम ओळीत मांडलेली ही चार बेटं आणि दूर आग्नेयेला एकटं पडलेलं सांता बार्बरा मिळून १९८० साली चॅनल आयलंड्स नॅशनल पार्क झालं. अमेरिकेत मुलांकडे येणाऱ्या मराठी आई-वडिलांच्या यादीत योसेमिटी असतं, ग्रँड कॅन्यन असतं. लॉस एंजेलिसहून गाडीने दीड-दोन तासांत जिथून बोट पकडता येते ती ही बेटं सहसा नसतात. ती असावीत असं मला मनापासून वाटतं. निसर्गाची एकच संहिता चार हातांनी वेगवेगळी लिहिलेली वाचायला मिळावी, असा योग फार थोड्या ठिकाणी येतो.

संहिता खरोखरच एक होती. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटचं हिमयुग भरात असताना, समुद्राचं पाणी आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होतं. तेव्हा ही चारही मिळून एकच मोठं बेट होतं. भूशास्त्रज्ञ त्याला सांतारोझे म्हणतात. पुढे बर्फ वितळला, पाणी चढत गेलं, सखल भाग बुडाले आणि उंचवटे तेवढे वर राहिले. मुख्य भूमीशी मात्र हे बेट हिमयुगातही जोडलेलं नव्हतं. मधली सामुद्रधुनी सात-आठ किलोमीटरांइतकी अरुंद झाली होती, पण ती होतीच. त्यामुळे इथे जे पोचलं ते पोहत, उडत, वाऱ्यावर किंवा वाहत्या ओंडक्यावर बसून. आलं ते मोजकंच, आणि त्या मोजक्या ऐवजातून चार निराळी जगं उभी राहिली.

ती निराळी कशामुळे झाली हे कळायला आधी वारा समजून घ्यावा लागतो. बेटांच्या वायव्येला पॉइंट कन्सेप्शन नावाचं टोक आहे. उत्तरेकडून सरळ खाली आलेला किनारा तिथे एकदम पूर्वेकडे वळतो. वायव्येचा वारा आणि उत्तरेचा थंड सागरी प्रवाह किनाऱ्याबरोबर वळत नाहीत. ते तसेच पुढे येतात आणि पहिला मारा सॅन मिगेलवर होतो. तिथून पूर्वेकडे सरकावं तसा वारा पडत जातो आणि दक्षिणेकडून येणाऱ्या उबदार पाण्याचा अंमल वाढत जातो. वाऱ्याची ही एक चढण आणि प्रत्येक बेटाची स्वतःची उंची-रुंदी, एवढ्या दोन गोष्टी लक्षात ठेवल्या की बाकीचं सगळं डोळ्यांपुढे उलगडू लागतं. बोट पूर्वेकडून जाते, त्यामुळे आपण सौम्याकडून कडक हवेकडे जातो. बेटं वाचायचा हाच क्रम मला योग्य वाटतो.

ॲनाकापाला एक बेट म्हणायचं ते सोयीपुरतं. आठ किलोमीटर लांबीच्या या चिंचोळ्या कण्याचे तीन तुकडे आहेत आणि ते पूर्व, मध्य, पश्चिम अशा साध्या नावांनी ओळखले जातात. पूर्व तुकड्याच्या टोकाला लाटांनी आरपार कोरलेली बारा मीटर उंचीची कमान आहे. सगळे कॅमेरे तिच्याकडे वळतात आणि ती देखणी आहेच. पण खरी कारागिरी वर आहे. इथे उतरायला पुळण नाही. बोट थेट कड्याला भिडते, लोखंडी शिडीने वर यायचं आणि मग दीडशेच्या वर पायऱ्या चढायच्या. इतका उभा कडा चढून आल्यावर पुढ्यात येतो तो जवळजवळ सपाट माथा. खालून ज्याची नुसती धार दिसत होती त्याचा माथा इतका सपाट कसा? ज्वालामुखीचा हा खडक एके काळी लाटांनीच घासून सपाट केला आणि नंतर भूगर्भातल्या हालचालींनी तो वर उचलला गेला. आपण उभे असतो ते समुद्राच्या जुन्या पातळीवर. खाली, आजच्या पातळीवर, लाटांचं तेच काम चालू असतं. एकाच कारागिराची जुनी आणि नवी कृती एकाच कड्यावर, वर आणि खाली पाहायला मिळते.

या माथ्यावर गोड्या पाण्याचा ओढा नाही, झरा नाही, सावलीला झाड नाही. इतक्या अरुंद जमिनीवर पाऊस पडतो तो पडताच समुद्राला मिळतो. आणि तरीही फेब्रुवारी-मार्चमध्ये हा माथा पिवळाधमक होतो. ही करामत जायंट कोरिऑप्सिस नावाच्या झुडपाची. ते सूर्यफुलाच्या कुळातलं. या कुळातल्या ज्या वनस्पती आपण शेतात, बागेत पाहतो त्यांचे देठ हिरवे आणि एका हंगामाचे. इथे त्याच कुळातल्या झुडपाला मनगटाएवढं जाड, मांसल खोड फुटलं आहे आणि ते पुरुषभर उंच होऊ शकतं. जवळ जाऊन बघावं: खोड खरबरीत, तपकिरी, बिनपानाचं, आणि टोकाशी मात्र शेपूच्या जुडीसारखा लुसलुशीत हिरवा झुपका, त्यावर तळव्याएवढी पिवळी फुलं. हिवाळ्यातल्या पावसाचं पाणी खोडात साठतं. उन्हाळा लागला की झुडूप पानं टाकून देतं आणि पुढचे कित्येक महिने मेल्यासारखं उभं राहतं. जुलै-ऑगस्टमध्ये आलेला माणूस हे वाळके खुंट पाहून हळहळतो. त्याला कोणी सांगितलं नाही तर ती सगळी झाडं जिवंत आहेत हे त्याला कळणारही नाही. फुकट मिळणाऱ्या चार महिन्यांच्या ओलाव्यावर वर्ष काढायचं आणि वर इतकी उधळपट्टी करायची, हा ॲनाकापाचा बाणा मला फार आवडतो.

वसंतात हा माथा कुरवांचा होतो. वेस्टर्न गल जातीचे हजारो कुरव इथे जमिनीवरच घरटी करतात, पायवाटेच्या अगदी कडेलासुद्धा. ठिपकेदार पिलू आईच्या पिवळ्या चोचीवरच्या लाल टिपक्यावर टोच मारतं आणि तशी आई गिळलेला घास बाहेर काढते. हा व्यवहार इथे चार हातांवर बसून पाहता येतो. जमिनीवर घरटं करण्याची चैन परवडते कारण ॲनाकापावर खोकड नाही. कायमचं पाणी नाही म्हणून तो इथे टिकला नाही असं मानतात. पाण्याचा अभाव हीच इथल्या पक्ष्यांची तटबंदी. एकदा ती तटबंदी ओलांडून जहाजांबरोबर उंदीर आले आणि त्यांनी कपारीत घरटी करणाऱ्या स्क्रिप्स मरलेट या छोट्या समुद्रपक्ष्याची अंडी संपवत आणली. २००१-०२ मध्ये उंदरांचा नायनाट केल्यावर मरलेट पुन्हा नांदू लागले. पश्चिम तुकड्यावर तपकिरी पेलिकनांची वसाहत आहे, तिथे माणसाला जायला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. १९७० साली या वसाहतीतल्या साडेपाचशेच्या आसपास घरट्यांतून एकच पिलू जगलं होतं. समुद्रात मिसळलेलं डीडीटी माशांतून पेलिकनांच्या अंगात गेलं होतं आणि अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली होती की उबवणाऱ्या पक्ष्याच्या वजनानेच ती फुटत. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली. आज बोटीला समांतर, पाण्याला पंख लागतील न लागतील अशा बेताने एका ओळीत जाणारे पेलिकन दिसतात तेव्हा त्या एकाच पिलाची आठवण ठेवून त्यांच्याकडे पाहावं.

आठ-नऊ किलोमीटरांची खाडी ओलांडली की सांता क्रूझ, आणि हवा पालटते. सुमारे २५० चौरस किलोमीटरचं हे कॅलिफोर्नियातलं सगळ्यात मोठं बेट. इथे डोंगराच्या दोन रांगा आहेत, मध्ये लांबच लांब दरी आहे, ओढे आहेत, वनं आहेत. ती दरी भूकवचातल्या एका भेगेवरून गेली आहे. दरीच्या उत्तरेची रांग ज्वालामुखीच्या खडकाची, काळपट-तांबूस, ७४७ मीटरांच्या डियाब्लो शिखरापर्यंत चढलेली; सह्याद्रीत वाढलेल्या डोळ्यांना तिची ओळख पटते. दक्षिणेच्या रांगेत त्याहून कितीतरी जुना, दाबाने आणि उष्णतेने रूप पालटलेला शिस्ट खडक सापडतो. दरीत उभं राहून डावीउजवीकडे मान वळवली की दोन वेगळ्या जमिनी दिसतात. उतारांचंही तसंच. उत्तरेकडे तोंड केलेल्या, सावलीच्या उतारावर ओक आणि पाइन दाटलेले, तर उन्हाकडे तोंड केलेला उतार गवताचा आणि खुरट्या झुडपांचा. एकाच टेकडीच्या माथ्यावर बसून दोन्ही ऋतू पाहता येतात.

या बेटाचं वायव्य टोक पेंटेड केव्हसाठी प्रसिद्ध आहे. ही समुद्रगुहा जवळजवळ पावणेचारशे मीटर आत जाते आणि समुद्र शांत असला तर छोटी बोट तिच्या तोंडातून सहज आत शिरते. भिंतींवर पिवळे, हिरवे, तांबूस पट्टे आहेत. काही खडकातल्या खनिजांचे, काही शेवाळाचे, काही दगडफुलांचे. उजेड संपतो तिथून पुढे रंग संपतात आणि समुद्रसिंहांचे आवाज सुरू होतात. गुहा भव्य आहेच. तरी या बेटावरची माझी आवडती गोष्ट एका पक्ष्याच्या चोचीएवढी आहे.

तो पक्षी म्हणजे आयलंड स्क्रब-जे. आज जगात तो फक्त या एका बेटावर राहतो. मुख्य भूमीवरच्या भाऊबंदांपेक्षा तो आकाराने बराच मोठा आणि निळ्या रंगाने जास्त गडद. पायवाटेवर ओकच्या फांदीतून तो अचानक खाली येतो, एक ओकफळ उचलतो, मान तिरकी करून आपल्याकडे बघतो, चार उड्या मारून ते जमिनीत ठोसून पुरतो आणि वरून पालापाचोळा ओढतो. अशी कित्येक ओकफळं तो दडवतो. जी विसरतो त्यांचे पुढे ओक होतात, म्हणजे बेटाच्या उजाड झालेल्या उतारांवर वनीकरणाचं कामही हाच करतो. आता त्याची चोच. पाइनच्या रायांत राहणाऱ्या पक्ष्यांची चोच लांबट आणि निमुळती असते, पाइनच्या सुळक्यांत घालून बिया काढायला सोयीची. ओकच्या वनांतल्या पक्ष्यांची आखूड, दणकट, ओकफळं फोडायला बरी. फरक मोजपट्टी लावल्याशिवाय कळू नये इतका बारीक आहे. नवलाची गोष्ट अशी की या रायांच्या मध्ये समुद्र नाही, डोंगर नाही. पक्षी मनात आणील तर काही मिनिटांत पलीकडे जाईल. रूप पालटायला मधे पाणी लागतं असं आपण धरून चालतो. इथे पाण्याने चार बेटं केली आणि त्यातल्या एका बेटात झाडांनी आणखी बेटं केली. अभ्यासकांनी शेकडो पक्षी हातात घेऊन, मोजून हे दाखवून दिलं आहे. त्यांच्या चिकाटीलाही दाद द्यावी लागते.

याच बेटावर आयर्नवुड नावाच्या झाडाच्या लहान लहान राया आहेत. त्याची साल लांब तांबूस धज्ज्यांनी सुटत असते. पान हातात घ्यावं: नेच्यासारखं चिरलेलं, प्रत्येक पर्णिका पुन्हा दातेरी, वरून चकचकीत. मुख्य भूमीवर या झाडाचे फक्त जीवाश्म उरले आहेत. हवा कोरडी होत गेली तसं ते तिथून नाहीसं झालं आणि बेटांवरच्या समुद्री गारव्यात तग धरून राहिलं. गंमत पुढे आहे. दक्षिणेला, या पार्कच्या बाहेर असलेल्या कॅटलिना बेटावरही हेच झाड आहे, पण तिथे त्याचं पान साधं, अरुंद, न चिरलेलं. दोन्ही पानं शेजारी ठेवली तर ती एकाच झाडाची आहेत यावर विश्वास बसत नाही.

सांता क्रूझचा पाऊण भाग नेचर कन्झर्व्हन्सी या संस्थेकडे आहे आणि उरलेला पार्ककडे. पूर्वेच्या स्कॉर्पियन बंदरात उतरणाऱ्यांना पहिल्या अर्ध्या तासात बेटाचा सगळ्यात लोकप्रिय रहिवासी भेटतो, तो म्हणजे आयलंड फॉक्स. दोन किलोंच्या आसपास वजनाचा, राखी-तांबूस, माणसाला न भिणारा हा खोकड मुख्य भूमीवरच्या राखी खोकडाचा वंशज. बेटावर येऊन तो लहान होत गेला. डीडीटीचा फटका त्यालाही बसला, पण वेगळ्या वाटेने. मासे खाणारे टकले गरुड, म्हणजे बाल्ड ईगल, त्या विषाने बेटांवरून नाहीसे झाले. त्यांनी राखलेलं आकाश मोकळं झालं. तिथे १९९० च्या दशकात सोनेरी गरुड येऊन स्थिरावले, कारण मोकाट सुटलेल्या डुकरांची पिल्लं त्यांना आयती मिळत होती. आणि ते खोकडही उचलू लागले. सॅन मिगेल आणि सांता रोझावर प्रत्येकी जेमतेम पंधरा खोकड उरले. मग वनअधिकारी आणि शास्त्रज्ञांनी साखळीची प्रत्येक कडी उलटी फिरवली: खोकडांना पिंजऱ्यात वाढवलं, सोनेरी गरुड पकडून मुख्य भूमीवर नेऊन सोडले, डुकरं काढली, टकले गरुड परत आणले. २०१६ मध्ये या बेटांवरचे खोकड धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीतून बाहेर आले. अमेरिकेच्या त्या कायद्याखाली कुठलाही सस्तन प्राणी इतक्या लवकर सावरलेला नव्हता. ॲनाकापावर जे विष अंड्याच्या कवचात उतरलं तेच इथे गरुड आणि डुकरांच्या मार्गे खोकडापर्यंत पोचलं. शेजारच्या दोन बेटांची गुंफण किती वेगळी आहे हे या एका विषाच्या दोन वाटांवरून समजतं.

या बेटांच्या मूळ रहिवाशांच्या, चुमाश लोकांच्या कथेत पहिली माणसं सांता क्रूझवर घडवली गेली. बेट अपुरं पडू लागलं तेव्हा त्यांना मुख्य भूमीवर जायला इंद्रधनुष्याचा पूल मिळाला. जाताना ज्यांनी खाली पाहिलं आणि तोल जाऊन जे समुद्रात पडले ते डॉल्फिन झाले. या खाडीत बोटीपुढे उड्या मारत जाणारे डॉल्फिन ज्याने पाहिले आहेत त्याला ही कथा मुळीच दूरची वाटणार नाही.

सांता रोझाला पोचायला बोटीने अडीच-तीन तास लागतात, म्हणून गर्दी कमी. माझ्या मते या पार्कचं सर्वोत्तम पान इथे आहे. आकाराने ते सांता क्रूझच्या जवळपास जातं, पण घाट सगळा निराळा: पसरट, गवताळ, लाटांसारख्या उतरत्या टेकड्या, पांढऱ्या वाळूच्या लांब पुळणी आणि सतत वाहता वारा. पहिल्या दर्शनात हे बेट रिकामं वाटतं. त्याचं सौंदर्य घळींत आणि माथ्यावर आहे, मधल्या मोकळ्या जागेत नाही. लोबो कॅन्यन ही घळ तशी. वरच्या गवतातून वारा सोसत चालत यायचं आणि एकदम खाली उतरायचं. वारा बंद होतो, वाळूच्या खडकाच्या भिंती दोन्ही बाजूंनी वर चढतात. वाऱ्यापाण्याने त्यांना घासून गुळगुळीत कोनाडे, पोकळ्या, पुढे झुकलेले छज्जे केले आहेत आणि तळाशी झुळझुळ ओढा, हिरवी दाट झाडी. उघड्या माळाखाली इतका ओलसर, बंदिस्त मजला दडवून ठेवणं ही सांता रोझाची खास खुबी.

बेचर्स बे या आखाताच्या वरच्या उतारावर टॉरी पाइनची राई आहे. अमेरिकेतला हा सगळ्यात दुर्मीळ पाइन आणि तो निसर्गतः दोनच ठिकाणी वाढतो: एक सान दिएगोजवळचा किनारा आणि दुसरं हे बेट, मध्ये सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. एका जुडग्यात पाच सुया, प्रत्येक सुई वीतभर किंवा त्याहून लांब, राठ. धुकं आलं की या सुया ते गाळतात. सूक्ष्म थेंब सुईवर जमतात, एकत्र येतात, ओघळून टोकाशी लोंबतात आणि मुळाशी पडतात. पाऊस नसलेल्या दिवशीही झाडाखालची माती भिजलेली असते आणि दोन पावलं बाहेर ती कोरडी ठणठणीत. बेटावरची झाडं किनाऱ्यावरच्या आपल्या जातभाईंपेक्षा ठेंगणी आणि भरघोस आहेत. वाऱ्यापुढे उंच होण्याचा हट्ट त्यांनी केलेला नाही.

धुक्याचं हेच गणित माथ्यावर जीवनमरणाचं होतं. तिथल्या कण्यावर आयलंड ओकचे छोटे समूह आहेत. पान जाड, चामड्यासारखं, वरून किंचित फुगीर, समांतर शिरांच्या ठसठशीत खोबणी, खालून बारीक लव. सगळी रचना ओलावा धरून ठेवण्यासाठी. पण या ओकांची मुळं जमिनीच्या वर आली आहेत. शतकभराहून अधिक काळ इथे आधी मेंढ्या, मग गुरं आणि शिकारीसाठी आणलेली हरणं चरली. खालचा झाडोरा गेला, धुक्याचे थेंब झेलणारी पानं कमी झाली, माती सुटली आणि वाऱ्यापावसाने ती उताराखाली नेली. झाडं जिथल्या तिथे राहिली, जमीनच खाली गेली. गुरं १९९८ मध्ये हलवली गेली. आता अभ्यासक आणि स्वयंसेवक या कण्यावर धुकं अडवणाऱ्या जाळ्या उभारतात, सुटलेली माती थोपवायला उतारावर आडवे छोटे बांध घालतात आणि त्यांच्या आडोशाला ओकची रोपं लावतात. जाळीवरून गळणारं पाणी रोपाला मिळतं. ओक मोठा होऊन स्वतःचं धुकं स्वतः गाळू लागेपर्यंत जाळी त्याचं काम करते. निसर्गाच्या रचनेतला एक गळालेला शब्द ओळखून त्याच जागी तात्पुरता दुसरा ठेवण्याइतकं हे नेमकं आहे; अशी संपादकीय जाण मी इतरत्र फारशी पाहिलेली नाही.

सांता रोझाच्या मातीतली जुनी पानंही थोर आहेत. हिमयुगात चार मीटर उंचीचे कोलंबियन मॅमथ सामुद्रधुनी पोहून या बेटावर आले आणि पिढ्यानुपिढ्या लहान होत माणसाच्या उंचीचे झाले. १९९४ मध्ये अशा बुटक्या मॅमथचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा याच बेटावर मिळाला. सूर्यफुलाच्या कुळातलं झुडूप पुरुषभर होतं, स्क्रब-जे मोठा होतो, खोकड आणि मॅमथ लहान होतात. बेटावर शत्रू कमी आणि अन्न बेताचं, त्या तागडीत ज्याला जे परवडतं ते तो घेतो. आणि १९५९ मध्ये आर्लिंग्टन घळीत अकरा मीटर खोल सापडलेली मानवी हाडं सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वीची निघाली. उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या मानवी अवशेषांत त्यांची गणना होते. तो माणूस इथे आला तो होडीनेच, कारण दुसरी वाटच नव्हती.

पाण्याखाली जाणाऱ्यांना सौम्याकडून कडकाकडे जाणारी तीच चढण पुन्हा भेटते. चारही बेटांभोवती केल्पची जंगलं आहेत. ही समुद्रवनस्पती अनुकूल काळात दिवसाला अर्धा मीटर वाढते. ॲनाकापाच्या उबदार पाण्यात या जंगलात भगव्या रंगाचे गॅरिबाल्डी मासे झळकतात. सॅन मिगेलकडे जावं तसे ते कमी होत जातात आणि थंड पाण्यातल्या रॉकफिशांचं राज्य सुरू होतं. वरची झाडं जे सांगतात त्याला खालचे मासे दुजोरा देतात.

सॅन मिगेल सगळ्यात पश्चिमेला, सगळ्यात उघडं. क्षेत्र अवघं ३८ चौरस किलोमीटर, माथा २५३ मीटर. वारा अडवायला त्याच्यापुढे काहीच नाही. हे बेट नौदलाच्या मालकीचं आहे आणि एके काळी इथे बाँबफेकीचा सराव चालत असे, त्यामुळे आजही लांबचा पल्ला रेंजरबरोबरच आणि पायवाट न सोडता चालायचा असतो. कायलर हार्बरच्या पांढऱ्या पुळणीवरून निडेव्हर घळ चढताना पुन्हा भेटतं ते जायंट कोरिऑप्सिस. मधली मोठी बेटं ओलांडून आल्यावर तेच पिवळं झुडूप बघून बरं वाटतं. फक्त तिकडे ते सपाट माथ्यावर पसरलं होतं आणि इकडे घळीच्या कुशीत, वाऱ्याकडे पाठ करून दाटलं आहे.

पुढे पठारावर कॅलिशे फॉरेस्ट. नाव जंगलाचं, झाड एकही नाही. वाळूतून गुडघ्याएवढे, कमरेएवढे पांढरट खुंट वर आले आहेत. काही सरळ, काही फांद्या फुटल्यासारखे दुभंगलेले, काही जमिनीवर मुळांसारखे पसरलेले. हिमयुगाच्या काळात इथे झाडंझुडपं होती. उडत्या वाळूने ती गाडली. शंखशिंपल्यांच्या चुऱ्यामुळे वाळूत चुना भरपूर. पाण्यातून झिरपलेल्या त्या चुन्याने खोडामुळांभोवती कठीण कवच धरलं. आतलं लाकूड कुजून गेलं, साचा राहिला. मग ज्या वाऱ्याने वाळू आणली त्यानेच ती काढून नेली आणि साचे उघडे पडले. एकोणिसाव्या शतकात मेंढ्यांनी आणि १८६३-६४ च्या दुष्काळाने गवत संपवलं तेव्हा हा वारा इतका मोकळा झाला की बेटाचा बराच भाग वाळूची टेकाडं होऊन बसला होता. आता गवताने तो पुन्हा बांधला आहे. साच्यांजवळ खाली बसून पाहिलं तर एखाद्या नळीच्या आत मूळ जिथे वळलं असेल तो वळणाचा कोन स्पष्ट दिसतो. झाड गेलं, लाकूड गेलं, आणि एका मुळाने दगड टाळून घेतलेली बगल तेवढी हजारो वर्षं शाबूत राहिली. हात लावायचा नाही; लावायला धजावतही नाही.

इथल्या खोकडाकडे नीट पाहावं. सांता क्रूझवर पाहिलेल्यापेक्षा त्याची शेपटी आखूड आहे, कारण तिच्यात मणकेच कमी आहेत. पार्कबाहेरची बेटं धरून सहा बेटांवर सहा उपजाती, आणि त्यांतल्या एकीची ओळख शेपटीच्या मणक्यांवरून पटते. सांता क्रूझ आणि सॅन मिगेलचे खोकड एकाच सांतारोझेचे रहिवासी; मध्ये पाणी आलं आणि त्यांच्यात इतका फरक पडला.

पॉइंट बेनेट हे बेटाचं पश्चिम टोक. तिथवर जाऊन यायला पंचवीस किलोमीटरांवर चाल आहे आणि ती पूर्ण सार्थकी लागते. ऐन हंगामात या एका किनाऱ्यावर तीस हजारांहून अधिक सील आणि समुद्रसिंह असतात. कड्यावर पोचण्याच्या कितीतरी आधी भुंकणं, डरकाळ्या आणि वास पोचतो. दुर्बीण लावली की आधी नुसती तपकिरी गर्दी दिसते, मग ती सुटी होऊ लागते. डिसेंबरपासून दोन-अडीच महिने वाळूवर हत्ती-सीलांची वीण चालते. नर छाती उभारून एकमेकांवर कोसळतात. ते समुद्रात गेले की पुढे उन्हाळा लागता लागता समुद्रसिंहिणी त्याच वाळूवर प्रसवायला येतात, आणि जवळपास त्याच सुमारास उत्तरेकडचे फर-सीलही. त्याआधी वसंतात शांत हार्बर-सील बाजूच्या खडकांत आपली पिल्लं वाढवून मोकळे झालेले असतात. एकच पुळण, आणि तिच्यावर पाळीपाळीने मुक्काम. त्या फर-सीलांचं मुख्य घर बेरिंग समुद्रातल्या प्रिबिलॉफ बेटांवर, हजारो किलोमीटर उत्तरेला. ही त्यांची दक्षिणेकडची चौकी. आणि कधीमधी याच पुळणीवर ग्वादालूप फर-सील येऊन बसतो, ज्याचं घर दक्षिणेला मेक्सिकोच्या बेटावर. बेरिंगच्या गारठ्यातला एक आणि मेक्सिकोच्या उबेतला एक, त्या प्रचंड कोलाहलात दोघे एकाच दुर्बिणीत सापडले, तर दिवसभराची चाल वसूल झाली असं खुशाल समजावं.